कळकलेला समुद्र



गतवर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता कॅनडातील टोरांटो शहरानजीक आमच्या भाच्याच्या घरी दीड महिना राहून आलो. परदेशवारी करून आलेला मनुष्य तेथील रस्त्यांचे व इमारतींचे गोडवे गातो आणि ऐकणारे बिचारे सौजन्यापोटी ऐकून घेतात, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून प्रवासवर्णनाचा भार आम्ही या स्तंभावर घालणार नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या घरातील एका काचेच्या टाकीविषयी, त्या टाकीत शिरलेल्या विषाविषयी, आणि त्यापायी एका दहा वर्षांच्या निरपराध मुलीवर आलेल्या आळाविषयी.

आमच्या भाच्यास लहानपणापासून माशांचा नाद. खानापुरास होता तेव्हा ओढ्यातले मासे बरणीत भरून आणी आणि आईची बोलणी खाई. आता हाती चार पैसे खेळू लागल्यावर त्याने दिवाणखान्यात चारशे लिटरांची टाकी मांडली आहे, आणि तीत चक्क समुद्र वसविला आहे. नळाचे पाणी आर.ओ. यंत्रातून गाळून घ्यावयाचे, त्यात लिटरामागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात खास सागरी मीठ विरघळवावयाचे, पाण्याची उष्णता २५ अंशांच्या आसपास राखावयाची, वर निळसर प्रकाशाचे दिवे लावावयाचे, असा सारा खटाटोप. आत खडक रचलेले असून त्यांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे की झाड नव्हे. तो एक चिमुकला प्राणी होय. त्याच्या देहात अतिसूक्ष्म शेवाळ राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानास त्यातला वाटा देते. या प्राण्यांच्या वसाहतींमधून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे हिंडतात, लाल कोळंब्या खडकांच्या फटी साफ करतात आणि शंखातल्या गोगलगायी रात्रंदिवस काचेवरचे शेवाळ खरवडून खातात. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी एका अमेरिकी मासिकात लेख लिहून, जिवंत खडकांच्या साहाय्याने असा समुद्र घरी कसा नांदवावा हे जगास सांगितले. पुढे जर्मनीतील हौशी मंडळींनी त्या विद्येत बरीच भर घातली.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो, नाही तर आमच्या लेखावरून कुणी तरुण वाचक भलत्याच उद्योगास लागावयाचा. मालवणच्या किनाऱ्यालगत आणि गोव्यात वास्कोजवळच्या ग्रँड बेटाभोवती आपल्या समुद्रातही प्रवाळ आहेत. परंतु खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघास जे संरक्षण, तेच त्यांस. ते तोडणे, बाळगणे वा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा ही हौस तिकडची तिकडेच राहू द्यावी. आम्हांस तिच्यापासून घ्यावयाचे आहे ते निराळेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा टाकीस दृष्ट लागावी अशीच स्थिती दिसली, निदान आम्हांस तरी. मासे टवटवीत होते, दिवे झगमगत होते. परंतु आमची नात पहिल्याच सकाळी आम्हांस हात धरून टाकीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, “आजोबा, गोगलगायी आता काचेवर चढत नाहीत. खालीच पडून राहतात. मी बाबांना एप्रिलमध्येच सांगितलं होतं.”

बाबांनी त्या वेळी हसून सोडून दिले होते. मासे धडधाकट असताना गोगलगायींचे काय एवढे! पुढे एक एक करीत गोगलगायी मेल्या, तेव्हा त्याने दुकानदारास दोष दिला व नव्या आणल्या. त्याही आठवड्याभरात उलथ्या पडल्या. मग एका कोळंबीने कात टाकली आणि कात टाकताच ती मेली. पाठोपाठ दुसरी गेली. प्रवाळांचे पसरलेले हात आखडले. ज्या जांभळ्या प्रवाळास नखाएवढा आणून त्याने तीन वर्षांत ओंजळीएवढा केला होता, त्याचा रंग उतरू लागून खालून पांढरा सांगाडा दिसू लागला. तेव्हा मात्र भाच्याची झोप उडाली. त्याने क्षारता मोजली, उष्णता मोजली, अमोनिया तपासला, नायट्रेट तपासले. सारे जेथल्या तेथे होते. कमतरता असेल म्हणून निरनिराळी पोषक द्रव्ये टाकली, त्याने काहीच फरक पडला नाही.

अखेर त्यास एक खूण पटली. मासे निरोगी, परंतु गोगलगायी, कोळंब्या व प्रवाळ मरताहेत, अशी स्थिती असली की जाणकार सर्वप्रथम एकाच गोष्टीचा संशय घेतात. ती गोष्ट म्हणजे पाण्यात उतरलेले तांबे. बाजारी तपासणीच्या संचात इतके थोडे तांबे धडपणे कळत नाही, म्हणून त्याने पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेस धाडला. तेथे काही हजार अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या ज्योतीत ते पाणी फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या विशिष्ट प्रकाशाने चमकते आणि त्यावरून कोणता धातू किती, हे अचूक समजते. उत्तर येण्यास दहाबारा दिवस लागणार होते.

वाचकहो, मनुष्यास संशय आला की तो उत्तराची वाट पाहत नाही. टाकीजवळच्या खिडकीत नातीचा एक पत्र्याचा डबा असे. त्यात जुने तांबडे सेंट, म्हणजे तिकडचे पैसे, तिने जमविले होते. कॅनडा सरकारने ते नाणे २०१३ साली व्यवहारातून काढून घेतले, म्हणून मुलीस त्याचे अप्रूप. त्या डब्याकडे भाच्याची नजर गेली मात्र, आणि त्याने तिला जेवणाच्या टेबलावरच विचारले, “तू टाकीत नाणं टाकलंस का? खरं सांग.”

“नाही बाबा.”

“कारंज्यात टाकतात तसं, गंमत म्हणून?”

“नाही.”

“मग तांबं आलं कुठून? घरात दुसरं कोण टाकणार?”

मुलीने मान खाली घातली. तिच्या त्या मौनाचा अर्थ बापाने कबुली असा घेतला. आम्हांस तो अपमान वाटला. परंतु पाहुणे म्हणून राहिलेल्या मामाने बापलेकीमध्ये किती बोलावे, या विचाराने आम्ही गप्प बसलो. ते आमचे चुकलेच. त्या दिवसापासून खिडकीतला डबा दिसेनासा झाला. रात्री जपमाळेच्या वेळी मुलगी येऊन बसे, परंतु तिचा आवाज कानी येत नसे.

अकराव्या दिवशी अहवाल आला. जेवणे आटोपली होती. भाच्याने तो मोठ्याने वाचून दाखविला. लिटरामागे तांबे ६२ मायक्रोग्रॅम, जस्त ४८ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमाचा दहा लाखावा भाग. आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. चारशे लिटर पाण्यात मिळून सुमारे २५ मिलिग्रॅम तांबे होते. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके. तेवढ्याने तो सारा समुद्र नासला होता!

इतक्यात आमच्या सौभाग्यवती, ज्यांस रसायनशास्त्राचा गंधही नाही, त्या ताटे आवरता आवरता म्हणाल्या, “तांबं आणि जस्त म्हणजे पितळच की रे. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं, तसा तुझा समुद्र कळकला म्हणायचा.”

भाचा अहवालावरची मान वर न करता म्हणाला, “मामी, इथे पितळेची भांडी कुठली? आणि नाण्यांचं...” एवढे बोलून तो थांबला. त्याने मुलीकडून तो डबा मागून घेतला आणि एक एक नाणे उलटून साल पाहिले. सारी नाणी १९९६ पूर्वीची निघाली. त्या काळचा सेंट ९८ टक्के तांब्याचा असे. जस्त त्यात जेमतेम. नाणे पडले असते, तर तांब्याच्या जोडीने इतके जस्त पाण्यात आलेच नसते.

मग तो बराच वेळ काही बोलला नाही. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. उठून तो टाकीखालच्या कपाटापाशी गुडघे टेकून बसला, विजेरी घेऊन आत शिरला आणि पंपाच्या मागे हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांस हिरवी पूड लागली होती. आपल्याकडील कोणाही गृहिणीने ती तत्काळ ओळखली असती; चिंचेने घासावयाचे राहिलेल्या समईस चढते तीच.

जानेवारीतल्या एका रात्री, बाहेर हिमवर्षाव चालू असता, खालच्या टाकीतून वर पाणी नेणाऱ्या नळीचा प्लॅस्टिकचा कोपरा तडकला होता. दुकाने बंद, जमिनीवर पाणी. अवजारांच्या पेटीत पितळेचा एक जोड पडला होता, तो त्याने बसविला. मनाशी म्हणाला, दोन दिवसांपुरता आहे. दोन दिवसांचे पाच महिने झाले आणि तो जोड त्याच्या स्मरणातूनही गेला. मीठ मात्र आपले काम विसरले नाही.

आता तांब्याचा हा एवढा दरारा का, ते सांगितले पाहिजे. तांबे हे मुळात शत्रू नव्हे. आपले रक्त लोहामुळे तांबडे असते. कोळंबी, खेकडा व पुष्कळशा गोगलगायी यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबेच करते, आणि म्हणून त्यांच्या रक्तास निळसर छटा येते. म्हणजे ज्याने तो जीव श्वास घेतो, त्याचेच प्रमाण वाढले की तो मरतो. खुल्या महासागराच्या पाण्यात तांबे लिटरामागे साधारण पाव मायक्रोग्रॅम एवढेच असते, आणि त्या पाण्यातले नाजूक प्राणी तेवढ्याशीच जुळवून घेऊन जगत आलेले आहेत. जास्तीचे तांबे त्यांच्या कल्ल्यांवर बसते, शरीरातील क्षारांचा तोल बिघडविते आणि प्रवाळाच्या देहातील शेवाळही मारते. उलट कॅनडा सरकारने २०१९ साली पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली तांब्याची कमाल मर्यादा लिटरामागे २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम आहे. जे पाणी आपण निर्धास्त प्यावे, तेच प्रवाळास काळकूट ठरू शकते.

दर्यावर्दी लोकांस हे पूर्वीच उमगले होते. इंग्रजी आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले, ते लाकूड पोखरणाऱ्या किड्यांस व तळास चिकटणाऱ्या शिंपल्यांस दूर ठेवण्यासाठी. आजही होड्यांच्या तळास लावावयाच्या कित्येक रंगांत तांबे असते, ते त्याच कारणास्तव. माशांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला असता देतात ते औषधही बहुधा तांब्याचेच. लिटरामागे १५० ते २०० मायक्रोग्रॅम तांबे मासा काही आठवडे सोसतो आणि बरा होतो. परंतु तेच औषध प्रवाळाच्या टाकीत टाकले, तर मासा वाचतो आणि बाकीचे सारे घर उजाड होते. म्हणून शहाणा माणूस आजारी माशास निराळ्या टाकीत नेऊन औषध देतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, ही केवळ म्हण नव्हे.

उपाय काय केला, तेही सांगतो. कारण गोड्या पाण्यात कोळंब्या वा गोगलगायी पाळणाऱ्या आपल्याकडील मुलांसही तो उपयोगी पडेल.

पहिले काम म्हणजे मूळ काढणे. पितळी जोड काढून त्या जागी प्लॅस्टिकचा बसविला. त्यानंतर प्रत्येक पंप, प्रत्येक स्क्रू आणि काच पुसण्याचे लोहचुंबक यांची तपासणी झाली. चुंबकावरचे वेष्टन चिरले की आतला धातू गंजून पाण्यात उतरतो, तेव्हा तीही जागा पाहावी लागते. दुसरे काम म्हणजे उरलेल्या चार गोगलगायी व एक कोळंबी यांस ताज्या खारट पाण्याच्या वेगळ्या भांड्यात हलविणे. तिसरे, पाणी बदलणे. एकदम सारे पाणी पालटले तर जे जगले आहेत तेही धक्क्याने मरतात, म्हणून दर तीन दिवसांनी शंभर लिटर काढून तेवढेच नवे घातले. प्रत्येक खेपेस चौथा हिस्सा जातो. हिशेबाने चार खेपांनंतर मूळ तांब्यापैकी सुमारे एकतृतीयांश उरावयास हवे, म्हणजे वीसच्या आसपास. चौथे, पाणी खास कोळशातून व धातू धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून सतत फिरविले. एक पांढरी गादीही मिळते, ती तांबे शोषून निळी पडते. ती निळी होताना पाहावयास नात रोज शाळेतून धावत येई.

या सर्व काळात टाकीत औषध म्हणून एक थेंबही घालावयाचा नाही, असे भाच्याने ठरविले. हे आम्हांस विशेष वाटले. आपली रीत अशी की काही बिघडले म्हणजे आणखी काहीतरी ओतावयाचे. येथे इलाज होता तो काढून घेण्याचा, आणि थांबण्याचा.

चार खेपांनंतर पुन्हा पाणी तपासले. वीसऐवजी ३१ आले! भाचा खचला. परंतु याचेही कारण आहे. टाकीतील खडक व वाळू चुनखडीची असते. पाण्यात तांबे जास्त असते तेव्हा ती ते आपल्यात ओढून घेते, आणि पाणी स्वच्छ होऊ लागले की हळूहळू परत सोडते. पाच महिने जे आत मुरत गेले, ते पंधरवड्यात कसे निघावे? म्हणून पाणी बदलत राहणे आणि वाट पाहणे, याखेरीज गत्यंतर नव्हते. आम्ही परतलो तेव्हा आकडा खाली येत होता, परंतु काम संपलेले नव्हते.

आता त्या रात्रीकडे वळतो. पितळी जोड हातात घेऊन भाचा बराच वेळ जमिनीवर बसून राहिला. मग उठून हात धुतले आणि मुलीच्या खोलीत गेला. दार उघडेच होते. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून त्याने तो जोड तिला दाखविला आणि म्हणाला, “हा मी बसवला होता. गोगलगायी माझ्यामुळे मेल्या. तू खरं बोलत होतीस आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला क्षमा कर.”

बापाने लेकीची क्षमा मागितल्याने घराचा मान जातो, असे मानणाऱ्या पिढीतले आम्ही. परंतु त्या क्षणी त्या घराचा मान वाढलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला. मुलगी काहीच बोलली नाही. सकाळी उठून पाहतो तो तिचा पत्र्याचा डबा खिडकीत पूर्वीच्या जागी होता.

लहान जिवांची साक्ष मोठ्यांनी ऐकली नाही म्हणजे काय होते, याचा एक भयंकर दाखला जगाच्या इतिहासात आहे. जपानमधील मिनामाता या कोळ्यांच्या गावी एका रासायनिक कारखान्याचे पाऱ्याने दूषित पाणी उपसागरात सोडले जाई. प्रथम गावातली मांजरे झोकांड्या खाऊन मरू लागली. ती मासळी खाऊन जगत होती. लोकांनी नवल केले आणि सोडून दिले. १९५६ च्या मे महिन्यात मुलांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली. मासळीतून पोटात गेलेल्या पाऱ्याने त्यांचे हातपाय, वाचा, दृष्टी हिरावून नेली होती. आणि कारखान्याचा पारा हेच त्याचे कारण, असे सरकारने मान्य केले ते १९६८ साली! मांजरांनी जे आधीच सांगितले होते, ते माणसांनी कबूल करावयास बारा वर्षांहून अधिक काळ लागला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात समुद्रातील प्रवाळांच्या ऱ्हासाविषयी कळवळून लिहिले आहे, ते उगाच नव्हे. देवाच्या सृष्टीत जो सर्वांत लहान, तोच पुष्कळदा सर्वांत आधी हाक मारतो.

आपल्या घरात प्रवाळ नाहीत, परंतु भांडी आहेत, नळ आहेत आणि मुले आहेत. म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तांब्यापितळेच्या भांड्यात चिंच, आमसूल, लिंबू वा ताक घालावयाचे असेल, तर आतली कल्हई शाबूत आहे ना हे पाहावे. कल्हईवाले दुर्मिळ झाले म्हणून आंबट पदार्थाने आपला स्वभाव सोडलेला नाही. हल्ली तांब्याच्या बाटल्या घेऊन हिंडण्याची टूम निघाली आहे. त्यांत साधे पाणी भरावे, सरबत भरू नये. आणि धातूच्या नळांत रात्रभर साचून राहिलेले पाणी सकाळी थोडे वाहू देऊन, त्यानंतरचे पिण्यास घ्यावे. वाया घालवू नये, झाडांना घालावे.

परंतु आमच्या मनातून जात नाही तो तो जोड. “दोन दिवसांपुरता.” आपल्यापैकी कोणाच्या कपाटामागे असा एखादा जोड नाही? भावाशी अबोला धरला तो दोन दिवसांपुरता. दुकानाच्या हिशेबात एक खोटी रक्कम लिहिली ती वेळ निभावण्यापुरती. बाटली घरात आली ती पाहुण्यांपुरती. आपण विसरून जातो. ते आत झिरपत राहते. घरातली मोठी माणसे माशांसारखी टवटवीत हिंडत असतात, आणि कोपऱ्यातले एखादे मूल गप्प होते, जेवेनासे होते, अभ्यासात मागे पडते. मग आपण शिक्षकांस दोष देतो, संगतीस दोष देतो, त्या मुलासच दोष देतो. कुमसारास जाण्यापूर्वी आत्मपरीक्षण करा असे धर्मगुरू सांगतात, त्याचा अर्थ आम्हांस त्या कपाटाशी गुडघे टेकून बसलेल्या भाच्यास पाहून नव्याने कळला. आधी स्वतःच्या हाताने बसविलेला जोड शोधावा आणि काढावा. क्षमा त्याच रात्री मिळते. खडकात मुरलेले मात्र निघावयास वेळ लागतो. तो वेळ न कुरकुरता द्यावा.

नाताळच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला. पाण्यातले तांबे चारावर आले होते. जांभळ्या प्रवाळाचा निम्मा भाग गेला, परंतु उरलेल्यास कडेने नवा रंग फुटला होता. टाकी राहण्याजोगी झाली की नाही हे पाहण्यासाठी वेगळ्या भांड्यातली एकच गोगलगाय आत सोडली होती, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम नातीकडे होते. तो आम्हांस आकडे सांगतच होता, इतक्यात पलीकडून कुणीतरी फोन हिसकावून घेतला.

“आजोबा,” ती ओरडली, “काचेवर चढली!”